उपास, उपासमार आणि उकडलेले रताळे

मराठीत एखाद्याला मठ्ठ म्हणायचे असेल, पण त्याच्यावरचा लोभही सोडायचा नसेल, तर त्याला 'रताळ्या' म्हणतात. या शिवीत विष नाही. तिच्यात एक जाडजूड, मातकट, जागचे न हलणारे असे काहीतरी आहे. बटाट्याच्या वाट्याला, आडनावाच्या आडून का होईना, पु. ल. देशपांडे यांची एक चाळ तरी आली. रताळ्याच्या वाट्याला एवढी शिवीच आली. पाककृतींच्या पुस्तकांत त्याचा कीस होतो, घाऱ्या होतात, गुळाच्या पाकातले काप होतात. म्हणजे त्याचे दुसरे काहीतरी केले, तरच ते पानात नोंद होण्याच्या योग्यतेचे ठरते. नुसते उकडलेले रताळे ही सहसा 'कृती' मानली जात नाही. धुवायचे, उकडायचे, सोलायचे आणि खायचे, यात लिहिण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कुणालाही पडेल.

गेली सहा वर्षे आमच्या घरी दर पंधरवड्याला रताळी उकडली जातात आणि ते काम माझ्याकडे आहे. इतक्या वेळा केलेल्या कामाविषयी माणूस कधीतरी विचार करू लागतोच. त्यातून मी भाषेचा शिक्षक. त्यामुळे विचाराची सुरुवात पदार्थापासून न होता शब्दापासून झाली, हे ओघानेच आले.

शब्दाची कथा मोठी गमतीची आहे. आपला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे आपल्याला ठाऊक असते. मात्र मूळचा 'बटाटा' म्हणजे आजचा बटाटा नव्हे. कॅरिबियन बेटांवरच्या टायनो लोकांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे रताळे. अँडीज पर्वतातला जो कंद आज आपण बटाटा म्हणून खातो, त्याचे तिथले नाव 'पापा'. युरोपात हे दोन्ही पाहुणे पोहोचले आणि नावांची सरमिसळ झाली. स्पॅनिश 'पटाटा' आणि इंग्रजी 'पोटॅटो' हे शब्द रताळ्याच्याच नावावरून सिद्ध झाले आणि पुढे बटाट्याच्या पदरात पडले. शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफच्या तोंडी येणारा 'पोटॅटो' हे रताळेच असावे, असे अभ्यासक म्हणतात. पोर्तुगीज भाषेत आज बटाट्याला नुसते 'बटाटा' म्हणतात आणि रताळ्याला 'गोड बटाटा'. ज्याचे नाव होते त्यालाच आता विशेषण लावून ओळख सांगावी लागते.

आपल्याकडे आल्यावर रताळ्याने मग काय केले? त्याने दुसऱ्याचे नाव घेतले. 'रताळे' हा शब्द संस्कृत 'रक्तालु'पासून आला. रक्तालु म्हणजे तांबडा आलु, तांबडा कंद. हे नाव पूर्वी एका देशी कंदाचे असले पाहिजे, याची साक्ष शेजारच्या गुजरातीत मिळते. तिथे 'रताळू' म्हटले की उंधियूत पडणारा जांभळा कंद, म्हणजे आपले कोनफळ. आपल्या रताळ्याला ते 'शक्करिया' म्हणतात. हिंदीत ते 'शकरकंद' होते, कानडीत 'गेणसू'. म्हणजे एका परदेशी कंदाने स्वतःचे नाव वाटेत गमावले आणि मराठी मुलखात येऊन एका जुन्या कंदाचे नाव असे धारण केले की, आता ते उसने आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. भाषाविज्ञानात याला अर्थसंक्रमण म्हणता येईल. व्यवहारात याला स्थायिक होणे म्हणतात.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही रताळे आणि बटाटा यांचे काही नाते नाही. बटाटा हा वांगी-टोमॅटोच्या कुळातला आणि तो जमिनीखाली फुगलेले खोड आहे. रताळे हे फुगलेले मूळ आहे. त्याच्या वेलाला कर्ण्यासारखी फुले येतात, कारण त्याचे गणगोत वेगळे आहे. कुंपणावरची गणेशवेल, कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आणि ओढ्याकाठी माजणारी बेशरम ही सगळी त्याच प्रजातीची. एकाच घरात मर्यादा आणि बेशरम नांदतात, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याला नोंदवाविशी वाटली तर नवल नाही.

असो. शब्दांचे इतके पुरे. आता 'उकडणे' या क्रियापदाकडे येऊ, कारण पुढचे सगळे त्याच्याशी निगडित आहे. मराठीत भाजणे, परतणे, तळणे, शिजवणे यांच्या सीमारेषा पुरेशा स्पष्ट आहेत. 'उकडणे' मात्र दोन क्रियांना सामावून घेते. अंडे उकडतो ते पाण्यात बुडवून. उकडीचा मोदक पाण्याला स्पर्शही न करता वाफेवर होतो. वैशाखातल्या दुपारी 'काय उकडतंय' म्हणतो तेव्हा आपण स्वतःच मोदकपात्रात असतो. 'वाफवणे' हा वेगळा शब्द आहे, पण रताळ्याच्या बाबतीत तो घरात कुणी वापरत नाही. पाण्यात असो की वाफेवर, रताळी 'उकडतात'. वरवर पाहता हा भेद किरकोळ आहे. तो तसा नाही, हे मला पुढे आईमुळे कळायचे होते.

आधी कृती सांगतो. रताळी फार जाड घेऊ नयेत आणि शक्यतो एकसारखी घ्यावीत. एक मनगटाएवढे आणि एक करंगळीएवढे असे घेतले तर एकाचा लगदा होतो आणि दुसरे मध्ये कच्चे राहते. आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नयेत. रताळे उष्ण प्रदेशातले आहे. साधारण बारा अंशांखालच्या थंडीत काही दिवस राहिले की त्याचा गाभा असा आखडतो की, मग कितीही शिजवले तरी मध्ये टणकच राहतो. माती चोळून धुवावी, साल काढू नये. टोके कापली की पांढरा चीक येतो, तो हाताला चिकटतो आणि मग काळा पडतो. पातेल्यात तळाशी पाणी, त्यावर चाळणी, चाळणीत रताळी, वर घट्ट झाकण. मध्यम आकाराच्या रताळ्यांना पाऊण तासाच्या आत सुरी लोण्यात गेल्यासारखी जाते.

यात घाई मात्र करू नये. त्याला कारण आहे. कच्च्या रताळ्यात साखर असते, पण त्याहून पिष्ट कितीतरी अधिक असते. रताळे तापू लागले की साठ-पासष्ट अंशांच्या सुमारास पिष्टाचे कण फुलून मोकळे होतात आणि रताळ्याच्या अंगचेच एक विकर त्या पिष्टाचे तुकडे करून माल्टोज नावाची साखर बनवू लागते. तापमान ऐंशीच्या आसपास गेले की ते विकर निकामी होते. म्हणजे रताळे गोड होण्यासाठी निसर्गाने एक छोटीशी मुदत दिलेली आहे. मंद आचेवर ही मुदत लांबते आणि रताळे अधिक गोड होते. प्रेशर कुकरमध्ये वाफ एकशेवीस अंशांच्या घरात जाते, तिथे ती मुदत झटक्यात संपते. रताळे शिजते, पण त्याला गोडी बेताचीच येते. निखाऱ्याच्या आरात पुरून भाजलेले रताळे इतके गोड का लागते, याचे एक उत्तर यात आहे. आता पाण्यात उकडणे आणि वाफेवर उकडणे यांतला फरक. पाण्यात बुडवले की जी साखर आत तयार झाली, तिच्यातली थोडी पाण्यात उतरते. वाफेवर ती आतच राहते. हे सारे वाचून-समजून मी चाळणीचा पक्षपाती झालो होतो.

आई माझ्याकडे राहायला आली ती वडील गेल्यानंतर. ती महिन्याच्या दोन्ही एकादश्या करते. शिवाय महाशिवरात्र, नवरात्राचे पहिला आणि शेवटचा दिवस. लहानपणापासून आम्ही ते पाहत आलो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण तिच्या बाबतीत कधीच खरी नव्हती. साबुदाणा ती आमच्यासाठी करी. स्वतः सकाळी एक उकडलेले रताळे आणि घोटभर दूध, रात्री काही नाही.

उपासाच्या पदार्थांची यादी हा एक स्वतंत्र विनोद आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणाही तिथलाच. बटाटा अँडीजचा, रताळे मध्य आणि दक्षिण अमेरिकेचे, मिरची त्याच खंडातली, राजगिऱ्याचे मूळही मेक्सिकोकडे. भगर आणि शिंगाडा सोडले तर आपले उपासाचे ताट जवळजवळ सगळे अटलांटिकपलीकडून आलेले आहे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून हे कंद-दाणे सोळाव्या शतकापासून येत गेले, असे मानले जाते. यावरून धर्माची टिंगल करणे सोपे आहे. मला मात्र त्यात एक वेगळी युक्ती दिसते. नियम होता तो धान्य वर्ज्य करण्याचा आणि कंद-मुळे-फळे चालण्याचा. त्या नियमाने दाराशी आलेल्याला नावगाव विचारले नाही. तू धान्य आहेस का, एवढेच विचारले. धान्य नसलेला प्रत्येक परका आत आला. परंपरा म्हणून आपण ज्याला अचल समजतो, ती पुष्कळदा अशीच चालत असते.

पण याच रताळ्याचा जगाच्या इतर भागांतला इतिहास पाहिला तर तिथे उपासाचा संबंध नाही, उपासमारीचा आहे. चीनच्या फूज्यान प्रांतात सोळाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळावरचा उपाय म्हणून ते लावले गेले. जपानमध्ये १७३२च्या मोठ्या दुष्काळानंतर आओकी कोन्यो नावाच्या एका पंडिताने १७३५मध्ये त्याच्या लागवडीचा प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला. लोक त्याला कौतुकाने 'रताळे-गुरुजी' म्हणू लागले. शिक्षकी पेशातल्या माणसाला याहून मोठी पदवी कुठल्या विद्यापीठाकडून मिळणार? रताळ्याचे सामर्थ्य त्याच्या वेलात आहे. त्याला बी लागत नाही, वेलाचा तुकडा खोवला तरी मूळ धरतो. जमीन हलकी चालते, पाणी बेताचे चालते, आणि वर पीक बुडाले तरी मातीखाली काहीतरी उरते.

म्हणजे एकच कंद एका ठिकाणी उपासाचा आणि दुसऱ्या ठिकाणी उपासमारीचा. मराठीत हे दोन शब्द किती जवळ उभे आहेत, ते पाहण्यासारखे आहे. 'उपास'ला नुसते 'मार' जोडले की स्वेच्छा संपते आणि सक्ती सुरू होते. एक आपण धरतो, दुसरी आपल्याला धरते. वर्गात शब्दसिद्धी शिकवताना मी हे उदाहरण अनेकदा दिले आहे. ते उदाहरण माझ्या स्वयंपाकघरात चालत येईल, हे तेव्हा मनात नव्हते.

आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत. २०२३च्या आषाढी एकादशीला दुपारी ती देवघरासमोर बसली होती, ती उठेना. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. साखर खाली गेली होती. पत्नी घरी होती. तिने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले आणि पंधरा-वीस मिनिटांत आई सावरली. संध्याकाळी डॉक्टरांनी समजावून सांगितले. मधुमेहाच्या काही गोळ्या शरीराला इन्शुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न असो वा नसो, त्या आपले काम करतात. त्यामुळे गोळी घेऊन उपाशी राहणे धोक्याचे. या वयात उपास बंद करा, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे बिनतोड होते. बहिणीने फोनवर तेच सांगितले. मी तेच सांगितले. 'देव काय उपाशी राहा म्हणतो का?' हे जे वाक्य अशा वेळी प्रत्येक घरात उच्चारले जाते, तेही उच्चारून झाले.

आई वाद घालणाऱ्यांतली नाही. ती गप्प झाली. पुढच्या एकादशीला तिने सगळ्यांबरोबर पोळी-भाजी खाल्ली. त्याच्या पुढच्याही. पण ती अशी जेवत होती, की जणू कुणा दुसऱ्याच्या घरी पंक्तीला बसली आहे. घरातली एक वस्तू कुणीतरी न विचारता हलवावी, तसे काहीतरी झाले होते आणि आम्ही सगळे ते न पाहिल्यासारखे करत होतो.

पुढे श्रावण सरता सरता एकदा मंडईतून बेळगावकडची तांबूस सालीची रताळी आणली होती. त्या दिवशी चाळणी सापडेना म्हणून मी ती सरळ पाण्यात घालून उकडली. गाळून पाणी मोरीत ओतणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब, पाणी फेकू नको." मला वाटले, झाडांना घालायचे असेल. ती म्हणाली, "आमच्यात ते कधी कुणी फेकलं नाही." आणि मग ओट्याशी उभी राहून ती बोलत राहिली.

आईचे माहेर बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले. १९७२ साली ती एकोणीस वर्षांची होती. त्या दुष्काळाचे तपशील आपण वाचलेले असतात. पाऊस आधीच्या दोन वर्षांतही तुटपुंजा झाला होता, बाहत्तरला त्याने पुरती पाठ फिरवली. परदेशातून आलेला तांबडा मिलो रेशनवर मिळे. कामांवर सुकडी वाटली जाई. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी कामे गावोगाव निघाली आणि १९७३च्या मे महिन्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्याच काळात आकाराला आली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. माझ्या आईने खडी फोडली होती, हे मला ठाऊक होते. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्यावरचा वण त्या वेळचा, हेही ठाऊक होते. रताळ्यांचे ठाऊक नव्हते.

आजोबांच्या विहिरीला त्या वर्षी मोट बुडण्याएवढे पाणी नव्हते. तळाशी जे साचे, ते घागरीने काढून एका लहानशा वाफ्याला घालत. तिथे रताळ्याचे वेल लावलेले होते. वरचा पाला शेळीला आणि मुळे माणसांना. काम मिळायच्या आधीच्या काही आठवड्यांत घरातली नऊ माणसे त्या वाफ्यावर होती. आजी संध्याकाळी मोठ्या तपेल्यात रताळी उकडी. माणशी एक. वाफेवर नाही, पाण्यातच आणि पाणीही जास्त. "का, तर ते पाणी गोड होतं. बारक्याला एक वाटी, आज्याला एक वाटी. उरलं तर आईला." मग थोडे थांबून म्हणाली, "आईला उरत नव्हतं."

जिथे गोडी बाहेर जाऊ नये म्हणून मी चाळणी वापरत होतो, तिथे आजी ती बाहेर जावी म्हणूनच पाण्यात उकडत होती. एका रताळ्याची दोन खाणी होत होती. दात नसलेल्या म्हाताऱ्याला आणि दात न आलेल्या पोराला पाणी आणि बाकीच्यांना गर. विकर, पिष्ट, माल्टोज यांतले काहीही न ऐकलेल्या त्या बाईला, साखर पाण्यात उतरते एवढे नेमके ठाऊक होते. 'उकडणे' या शब्दाने ज्या दोन क्रिया एकत्र बांधल्या आहेत, त्यांच्यामधले अंतर हे असे होते.

मी तिला विचारले, एवढी भूक पाहिल्यावर पुढे आयुष्यभर उपास कसे केलेस? आणि तेही रताळ्यावरच? प्रश्न विचारताना मला उत्तरात पांडुरंग येईल असे वाटले होते. तो आला नाही. ती म्हणाली, "त्या साली भुकेनं मला धरलं. मला विचारून नाही धरलं. आता महिन्यातून दोनदा मी तिला धरते आणि दुसऱ्या दिवशी सोडून देते. तेवढं माझ्या हातात असू दे की."

उपास 'धरणे' आणि 'सोडणे' ही आपली रोजची क्रियापदे. त्यांच्यातला जोर मला इतका स्पष्ट कधी ऐकू आला नव्हता.

त्यानंतर मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, या वेळी आईला घेऊन. 'उपास बंद' आणि 'उपास चालू' यांच्या मध्ये काही आहे का, एवढेच विचारायचे होते. होते. एकादशीच्या दिवसाच्या गोळ्यांचे वेळापत्रक त्यांनी बदलून दिले, रक्तातली साखर घरी तपासण्याच्या वेळा ठरवून दिल्या आणि किती खाली गेली की उपास तिथेच सोडायचा, तो आकडा कागदावर लिहून दिला. दिवसभर रिकामे पोट राहायचे नाही. सकाळी एक मध्यम रताळे, सोबत शेंगदाणे. दुपारी दही किंवा ताक. संध्याकाळी अर्धे रताळे आणि दूध. रताळे भाजलेले नको, उकडलेले. भाजलेल्या रताळ्याने रक्तातली साखर अधिक वेगाने चढते, उकडलेल्याने त्या मानाने सावकाश. प्रत्येक मधुमेही माणसाला हेच लागू पडेल असे नाही, हेही त्यांनी बजावले. हा तक्ता आईच्या गोळ्या आणि आईचे आकडे पाहून केलेला आहे. आईने सगळे ऐकून घेतले आणि एकच शंका विचारली, "एवढं खाल्ल्यावर त्याला उपास म्हणायचं का?" डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, धान्य नाही ना? मग उपासच." चारशे वर्षांपूर्वी दाराशी आलेल्या रताळ्याला याच एका प्रश्नावर आत घेतले गेले असणार.

तेव्हापासून आमच्याकडे रताळी पाण्यात उकडतात. चाळणी माळ्यावर गेली. पाणी बेताचेच घालतो, रताळी जेमतेम बुडतील एवढे. ते गार झाले की आमचा धाकटा पितो. त्याला ते आवडते असे तो सांगतो. आई आता ते पीत नाही, तिला चालतही नाही. ते मोरीत जात नाही, एवढे तिला पुरते.

आता थोडे माझ्या विषयाबद्दल. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) किंवा लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) वर्गात शिकवताना भुकेचा प्रश्न येतो. या पुस्तकांत भूक ही पार्श्वभूमी नाही. ती माणसांच्या निर्णयांत, नात्यांत, लाजेत शिरलेली आहे. आपले विद्यार्थी त्यावर उत्तम उत्तरे लिहितात. 'भुकेचे दाहक वास्तव' हा शब्दप्रयोग दहातल्या आठ उत्तरपत्रिकांत असतो. त्यांच्यापैकी अनेकांनी उपास केलेले असतात. काहींच्या घरात उपासमार होऊन गेलेली असते, पण तिची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते. या दोन्हींना आपण एकाच शब्दाने, 'भूक' या शब्दाने, ओळखतो आणि तिथे समीक्षेची गफलत सुरू होते. स्वेच्छेच्या भुकेला अर्थ असतो, कारण ती संपवणे हातात असते. त्या अर्थाच्या बळावरच साने गुरुजी १९४७मध्ये पंढरपूरला विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसू शकले आणि त्या उपोषणापुढे बडव्यांच्या दाराला नमावे लागले. सक्तीच्या भुकेला असा अर्थ नसतो. जो अर्थ आपण तिला देतो, तो नंतर, भरल्या पोटी दिलेला असतो.

माझ्या आईने काय केले, हे मला आता असे समजते: तिने त्या निरर्थक भुकेला पन्नास वर्षे थोडा थोडा अर्थ दिला. पंधरवड्यातून एक दिवस, एका रताळ्याएवढा. आपण ज्याला कर्मकांड म्हणून मोडीत काढतो, त्यात एखाद्याने आपले आत्मचरित्र ठेवलेले असू शकते. ते लिहिलेले नसते, म्हणून त्याची समीक्षा होत नाही. प्रत्येक उपासामागे बाहत्तर साल असते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. बहुतेकांच्या मागे साबुदाण्याची खिचडीच असते, आणि तीही वाईट गोष्ट नव्हे. पण कुणाच्या मागे काय आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि विचारायलाही काही निमित्त लागते. ते पुष्कळदा ओट्याशीच सापडते.

यंदा पदव्युत्तर वर्गाला प्रकल्प म्हणून मी एकच काम दिले आहे. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारायचे की, तुमच्या लहानपणी कोणते पाणी फेकले जात नसे? भाताची पेज, डाळीचे कट, कण्या धुतल्याचे पाणी, रताळ्याचे पाणी. उत्तर तिच्याच शब्दांत लिहून आणायचे, त्यावर भाष्य करायचे नाही. 'दाहक वास्तव' हा शब्द वापरल्यास दोन गुण कमी. पहिल्या आठवड्यात अकरा वह्या आल्या आहेत. मी त्या रात्री जेवण झाल्यावर एकेक वाचतो आहे, आणि शेजारी बसलेली आई मधून मधून विचारते, "ही कुठल्या गावची?"